पांढरा चौकोन

७ मे २०१३

आमची खोली बुडाली! खरीखुरी नाही — ऑफिसात किशोरी मॅडमच्या कॉम्प्युटरवर. पण छातीतली धडधड खरी आहे. लिहिलं की जरा कमी होते म्हणून लिहितोय.

संध्याकाळी दिवसभराचे आकडे द्यायला आत गेलो. मॅडमनी पडद्यावर पनवेल उघडलं होतं, आभाळातून खाली बघावं तसं. गाढी नदी, खाडी, मिठागरं, नवीन पनवेलच्या बिल्डिंगा, सगळं. आणि मधे काहीतरी निळं पसरत होतं. म्हटलं, हे काय? म्हणाल्या, "पाणी ओततेय." कुठं? "कुठं म्हणजे? तुमच्या डोक्यावर!" आणि हसल्या. एक आकडा टाकला की निळं वाढतं. मोठा टाकला की अजून वाढतं. खाडीतनं निघालं, शेतात शिरलं, भरावाच्या कडेकडेनं आलं आणि मी राहतो ते गाव गिळून टाकलं. घरमालकीण हौसाआजीचं घर, दारातला आंबा, माझी खोली. एका बोटानं!

"घाबरलास की काय दादू? अरे, एवढं पाणी हजार वर्षांतनं एकदा येतं."

हजार वर्षांतलं ते एकदा म्हणजे कुठलं साल, ते नाही सांगितलं.

९ मे

आज आपणहून विचारलं. मॅडमनी समजावलं. बाकीचे साहेब असतात तसं तोंड वाकडं करत नाहीत.

उपग्रहानं सगळ्या जमिनीची उंची वरनं मोजलीय. जमिनीचे चौकोन पाडलेत, बिस्किटासारखे. प्रत्येक चौकोनाला एक उंची. आता समजा एवढं एवढं पाणी आलं — पावसाचं म्हणा, नदीचं म्हणा. ते आधी सगळ्यात खोल चौकोनात जाणार. तो भरला की त्याच्यावरचा. असं करत पाणी संपलं की थांबायचं. जिथवर भरलं तिथवर निळं, बाकी पांढरं.

मला लगेच कळलं. आमच्याकडं माण तालुक्यात टँकर आला की पाइप विहिरीत सोडतात. अख्खा गाव काठावर वाकून बघत असतो, पाणी कुठल्या दगडाला लागलं. तेच हे! फक्त आमच्या विहिरीला कठडा आहे. इथं कठडा कुठाय?

आमचं काम एवढंच, की उपग्रह खरं बोलतो का ते बघायचं. सर्व्हेतले महादेवभाऊ दुर्बीण लावतात, मी समोर उंची मोजायची पट्टी धरून उभा राहतो. परवा खाडीच्या तिवरांत मांडीभर चिखलात उभा होतो. ऑफिसात कळलं, उपग्रहाच्या हिशोबानं तिथं चांगलं टेकाड आहे. तिवरांच्या शेंड्यालाच तो जमीन समजतो! महादेवभाऊ म्हणाले, "दादू, तू चिखलात नव्हतास रे, टेकडीवर हवा खात होतास." सगळे हसले. मी पण हसलो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

१२ मे

गावाकडनं बायकोचा, मनीषाचा फोन. तिच्या भावाच्या मोबाइलवरनं करते, त्यामुळं भाऊ शेजारी उभा असणार, नीट बोलता येत नाही.

"कवा नेताय?"

म्हटलं, नेतो की.

"फाल्गुनात म्हणला, शिमगा झाल्यावर. शिमगा झाला. पाडवा झाला. टँकर चार दिस झालं आला न्हाय. समी रात्रीची उठून पाणी मागती. तिथं नळ हाय म्हणला न्हवं तुमी?"

नळ आहे. दारात आहे. पण त्या निळ्याचं हिला कसं सांगू? तिकडं पोरीला प्यायला नाही आणि मी म्हणू, इथं पाणी फार आहे म्हणून येऊ नको?

म्हटलं, खोली लहान आहे, बघतो.

"कोन गावलीय का तिकडं?"

मागं भाऊ खोकला. मी फोन ठेवला. साखर कारखाना सोडला, ट्रकवरचं क्लीनरचं काम सोडलं, कळंबोलीचं हॉटेल सोडलं — तेव्हा ती एकदाही असं बोलली नव्हती. "तुमचं बूड एका जागी टेकल तवा खरं" एवढंच म्हणायची. आता टेकलंय तर खाली पाणी.

१८ मे

आज हिंमत केली. म्हटलं, मॅडम, हजार वर्षांचं राहू दे. दोन हजार पाचला आलं होतं तेवढंच ओता. ते तर खरंच आलेलं.

ओतलं. मी डोळे मिटले! मॅडम म्हणाल्या, "बघ की."

निळं गावाच्या अंगावर आलं, खाडीकडची शेतं गेली, रस्ता गेला — आणि आमच्यापाशी थांबलं! हौसाआजीचं घर नि मागची आमची चाळ, दोन्ही मिळून एक चौकोन. पांढराशुभ्र. तीन बाजूंनी निळं आणि मधे हा, दह्याच्या कवडीसारखा.

मॅडम म्हणाल्या, "फार खूश होऊ नकोस. एका चौकोनाला एकच उंची असते. वरचं खालचं मिळून सरासरी. आतलं कमीजास्त त्यात दिसत नाही."

म्हटलं, हो हो. पण पांढरा आहे ना?

"पांढरा आहे."

येताना रस्त्यात गाणं म्हणत आलो. किती दिवसांनी!

१९ मे, रविवार

हौसाआजीला सांगितलं. आजी सत्तरीच्या पुढची, नवरा गेला, मिठागर गेलं, शेती प्लॉटात गेली. वरचं जुनं घर तेवढं राहिलंय, उंच जोत्यावर. मागच्या भाताच्या खाचरात तिच्या मुलानं, दीपेशनं, तीन खोल्यांची चाळ टाकली. दोन रिकाम्या, एकीत मी. दीपेशचे डंपर आहेत, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या शेतात माती ओतत असतो.

म्हटलं, "आजी, नकाशात तुम्ही नि आम्ही एकाच उंचीवर."

आजी सुपारी कातरत होती. "कोन बोलला?"

"कॉम्प्युटर."

"मंग त्याला बोल, माज्या पायऱ्या चढून ये एकदा! तू कालवन न्यायला येतंस तं कुत्र्यावानी धापा टाकतंस. एके उंचीवर बोलतंय मेला."

दीपेश ओट्यावर जेवत होता, त्याला ठसकाच लागला.

मनीषाला फोन केला. ये म्हटलं. ती म्हणाली, "हंडा आणू का तिथं हाय?"

२ जून

आल्या. पनवेलच्या स्टँडवर उतरल्या. समीनं मला ओळखलंच नाही. आईच्या पदरामागनं बघत होती, कोण हा माणूस.

मनीषानं खोली बघितली नाही, आधी नळ बघितला. सोडला. बंद केला. परत सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी बघतच उभी. मी ओरडलो, अगं वाया चाललंय! तर म्हणाली, "जाऊ द्या की. एकदा."

समीला त्या धारेखाली धरलं. पोरगी किंचाळली, मग हसायला लागली, मग बाहेर यायलाच तयार नाही.

मी दारात उभा राहून हौसाआजीच्या आंब्याकडं बघत होतो. पांढरा चौकोन. आपण पांढऱ्या चौकोनात आहोत.

१६ जून

पाऊस धरला तो सोडतच नाही. आमच्याकडं ढग आला तरी लोक बाहेर येऊन बघतात. इथं कुणी मान वर करत नाही.

मनीषाला गाव मानवलं. भामाबरोबर हिंडते. भामा शेजारची, आजीच्या भाचीपैकी, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरण्यात पटाईत. मनीषानं पहिल्यांदा चिंबोरी बघितली तेव्हा म्हणे ओरडून बांधावरनं खाली पडली. आता स्वतः धरते. काल कालवण केलं. मी खाल्लं, पण ते चिखलातलं आहे हे डोक्यातनं जाईना.

म्हटलं, कुठं गेलतीस धरायला?

"उघाडीपाशी."

हातातला घास तसाच राहिला.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला गावाकडचं पाणी तिथनं बाहेर पडतं. भरती आली की झडप आपोआप मिटते, खाडी आत येत नाही. तिथं पाणी गोल गोल फिरत असतं. मी पट्टी घेऊन उभा राहिलोय तिथं, पायाखालचा चिखल हलतो. म्हटलं, समी कुठं होती तेव्हा?

"माझ्या कडंवर. न्हायतर कुठं?"

एका हातानं चिंबोरी, एका हातानं पोर!

२५ जून

अक्षर बघ कसं येतंय.

पौर्णिमेचं उधाण, मोठी भरती. काम लवकर सुटलं. गावात शिरलो, बांधावर बायका दिसल्या. आणि त्यांच्यापासनं लांब, उघाडीच्या तोंडाशी, एकटी — समी. लाल झबलं. वाकून पाण्यात काहीतरी टाकत होती. झडप मिटलेली, पलीकडं खाडी बांधाच्या काठाला लागलेली. एवढंस्सं पोर आणि तिच्यामागं ते पाणी, नुसतं फुगलेलं!

हाक मारावी तर दचकून पडेल. मारू नये तर? पळत गेलो, शेवटी रांगत गेलो. झबल्याला धरून ओढलं तेव्हा ती रडली. मी पण रडलो असेन.

मनीषा आली. "आवं, मी हितंच हाय की! माझं ध्यान हाय तिच्याकडं." मी काय बोललो ते लिहीत नाही. भामानं तोंड फिरवलं.

आम्हाला पोहता येत नाही. माझ्या बापाला येत नव्हतं, त्याच्या बापाला येत नव्हतं. कशात पोहणार? तिला पाण्याची भीती नाही कारण तिनं पाणी बघितलंच नाही. मी रोज बघतो. ओतलेलं बघतो.

२७ जून

कामाला निघताना बाहेरनं कडी घातली. गंमत म्हणून.

संध्याकाळी मनीषा म्हणाली, "कडी पडली व्हती. भामानं काढली."

म्हटलं, वाऱ्यानं पडली असेल.

३० जून

आज कडीत खिळा अडकवला. भामानं तोही काढला. मनीषानं भात वाढला, पण माझ्यासमोर बसली नाही.

८ जुलै

अमावास्या. उधाण. कुलूप आणलंय.

मनीषाला समजावून सांगितलं. बस म्हटलं, ऐक. ही खोली पांढऱ्या चौकोनात आहे. मॅडमनी दोन हजार पाचचा अख्खा पाऊस ओतला तरी इथं थेंब आला नाही. गावात यापेक्षा बरी जागा नाही. धोका बाहेर आहे. उधाणाचे तीन दिवस आत राहा, मग काय हिंडायचं ते हिंड. रोज थोडंच आहे? अमावास्येला तीन, पौर्णिमेला तीन.

म्हणाली, "आणि मला भायेर जायाचं झालं तर?"

मोरी आहे की आत.

"मी शेरडू हाय का?"

म्हटलं, समीसाठी.

समीचं नाव घेतलं की ती गप्प होते. ते मला माहीत आहे.

९ जुलै

हौसाआजीनं कुलूप बघितलं. मी चावी खिशात टाकत होतो, तर ओट्यावरनं ओरडली, "काय रं, उधानाचे दिसान दाराला कुलूप?"

म्हटलं, पोरगी पाण्याकडं जाते आजी.

"आमचे गावान उधानाला कोन कुलूप लावीत नाय. माज्या सासऱ्यापासून नाय. खालचा मानूस वर यील, त्याला दार उघरा पायजे. वरच्यानं नाय लावाचा, खालच्यानं पन नाय लावाचा. काढ तो."

जुन्या लोकांचं काहीतरी असतं. आमच्याकडं पण अमावास्येला नारळ फोडतात, म्हणून काय पाऊस पडतो?

हो म्हटलं आणि निघालो. लांब गेल्यावर वळून बघितलं. खिडकीच्या गजातनं समीचा हात बाहेर आला होता. टाटा करत होती.

१२ जुलै

कुलूप काढलं. उधाण संपलं. काही झालं नाही! समी सुखरूप, मनीषा सुखरूप. तीन दिवस कामावर मन लागलं, छाती धडधडली नाही. माझं बरोबर होतं.

मनीषा दार उघडल्यावर बाहेर आली आणि नुसती उभी राहिली. आंब्याखाली. पावसात.

२२ जुलै

गुरुपौर्णिमा. ऑफिसात मॅडमना पेढे दिले, पाया पडायला गेलो तर ओरडल्या.

टीव्हीवर मोठा पाऊस सांगतायत. उद्यापासनं कुलूप.

२३ जुलै

दिवसभर पाऊस. मनीषा सकाळी म्हणाली, "आज नगा लावू. आभाळ बघा." म्हटलं, म्हणूनच लावतोय.

२५ जुलै

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. सगळं लिहितो.

काल सकाळी कुलूप लावलं नि निघालो. नवीन पनवेलला पोचेपर्यंत आतला गंजीफ्रॉकसुद्धा चिंब. महादेवभाऊ म्हणाले, आज दुर्बीण निघत नाही, बसा. दुपारपर्यंत समोरची बिल्डिंग दिसेना. मॅडमनी पावसाचा आकडा कुठूनतरी मिळवला. म्हणाल्या, "बघू या, आजचा ओतून बघू." बाकीचे खुर्च्या ओढून आले. क्रिकेटची मॅच असावी तसं.

मॅडम बोलत होत्या, भरती आता भरात आहे, उघाड्या सगळ्या मिटलेल्या असणार, वरनं आलेलं पाणी बाहेर जाणार नाही, जिथल्या तिथं साठणार. आकडा टाकला. निळं निघालं. शेतं गेली, रस्ता गेला. आणि आमचा चौकोन — पांढरा!

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आमची खोली कोरडी!"

मॅडम वळल्या. "खोली? दादू, तुझी खोली त्या म्हातारीच्या घराच्या खाली आहे ना? खाचरात? मी सांगितलं होतं तुला. तो आकडा घराचा आणि खोलीचा मिळून आहे. घर वर असेल तर खोली तेवढीच खाली असणार. तुझ्या खोलीत आत्ता पाणी असेल. घरी कोण आहे?"

बायको. पोरगी.

"फोन कर."

फोन नाही तिच्याकडं.

"बरं, निघाल्या असतील त्या बाहेर. वर जातील म्हातारीकडं. पोरगी लहान आहे का?"

खिशात हात होता. हातात चावी होती.

आजीच्या पायऱ्या! रोज चढत होतो. रोज धाप लागत होती. आजी हसत होती, दीपेश हसत होता, मी हसत होतो. माझ्या स्वतःच्या पायांना माहीत होतं की मी खाली राहतो. आणि मी पडद्यावरच्या पांढऱ्या रंगावर दोघींना कोंडून आलो होतो.

पळालो. चप्पल कुठं गेली आठवत नाही. पुलाच्या अलीकडं गाड्या थांबलेल्या. गावाच्या रस्त्याला लागलो तर रस्ताच नाही, नुसतं तपकिरी पाणी आणि विजेचे खांब. दीपेशचा डंपर अर्धा पाण्यात उभा, तो टपावर. "दादू, नको जाऊ! थांब! भरती उतरू दे!" म्हणून बोंबलत होता. मी घुसलो. कंबर. छाती. माणूस पाण्यात चालतो कसा ते मला माहीत नाही, खांब धरत, कुंपणाची तार धरत गेलो. भीती वाटली नाही असं नाही. पण वेगळीच भीती होती, पाण्याची नव्हती. एका हातात चावी वर धरली होती. ओली झाली तर जणू लागणार नाही!

चाळीपाशी आलो. दार उघडं होतं. उघडं म्हणजे — कुलूप तसंच लावलेलं, कडीला लोंबत होतं. कोयंडाच चौकटीतनं उपटून काढलेला, लाकूड पांढरं पडलेलं. आत खाटेच्या वर पाणी. समीची बाहुली तरंगत होती. हंडा तरंगत होता. फळीवरची भांडी खाली पडलेली. कुणी नाही.

त्या वेळी मला काय झालं ते मला लिहिता येत नाही. मी पाण्यात हात घालून चाचपत होतो. खाटेखाली. मोरीत.

"वर ये!" हौसाआजीचा आवाज. "वर ये, मेल्या! हाईत त्या!"

पायऱ्या चढलो. ओट्यावर भामा, तिची पोरं, आजी. आजीच्या हातावर चिंधी बांधलेली, पहारीनं साल निघालेलं. मनीषा भिंतीला टेकून बसली होती, आजीचं लुगडं नेसून. समी तिच्या मांडीवर झोपलेली. जिवंत. मी जवळ जाऊन पायाला हात लावला, गरम होता.

आजी म्हणाली, "चावी आनलीस? दे हिकरं." मी दिली. तिनं बघितली नि खाली पाण्यात भिरकावली.

मग भामानं सांगितलं. दाराखालनं पाणी आलं तेव्हा मनीषानं आधी चिंध्या कोंबल्या. मग समीला खाटेवर, मग फळीवर चढवलं. मग परात घेतली नि खिडकीच्या गजावर हाणत राहिली. पावसात कुणाला ऐकू जातंय? आजीलाच आधी ऐकू आलं. सत्तरीची बाई पहार घेऊन छातीभर पाण्यात उतरली. भामा म्हणाली, "मावशी बोलली, खालचा मानूस अजून आला नाय, म्हंजे कुलूप हाय."

मनीषानं माझ्याकडं बघितलं नाही. तिचे तळहात परातीनं सोललेत.

२६ जुलै

पाणी उतरलं. खोलीत घोटाभर गाळ. कुलूप कडीवरच आहे. चावी नाही, निघत नाही.

२८ जुलै

ऑफिसातनं आले. किशोरी मॅडम स्वतः आल्या, महादेवभाऊ दुर्बीण घेऊन. पाणी भिंतीवर कुठवर आलं त्याची रेघ राहिलीय, ती मोजायची. महादेवभाऊंनी आजीच्या अंगणात दुर्बीण लावली. मला पट्टी दिली. माझ्याच खोलीत, माझ्याच भिंतीला पट्टी लावून मी उभा राहिलो.

"सरळ धर दादू. हलतेय."

हलत होती.

मॅडमनी आकडा लिहून घेतला. मग जरा बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "घराची उंची वेगळी धरू, खोलीची वेगळी. आता खोली निळी होईल. बरोबर होईल." मी मान हलवली. त्यांना कुलपाचं माहीत आहे का नाही, कळलं नाही. जाताना कडीकडं बघून गेल्या.

ओट्यावर मनीषा धान्य निवडत होती. सगळं बघत होती.

२९ जुलै

आज विचारलं. पायरीवर बसून विचारलं, वर गेलो नाही. म्हटलं, गावाला जायचं का? इथं नको. मी ही नोकरी सोडतो. टँकर तर टँकर, पण इथं भीती आहे.

ती म्हणाली, "मी कुटं जात न्हाय. आजी ऱ्हा म्हणलीया. मी हितं वर ऱ्हाते."

म्हटलं, परत पाणी आलं तर?

"पाणी येताना दिसतं तरी."

एवढंच. मग आत गेली, दार लावलं नाही. आज उधाण नाही. तरी लावलं नाही.

३१ जुलै

सकाळी समी पायरीवर एकटीच खेळत होती. मी खालनं हाक मारली. तिनं आधी दाराच्या कडीकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. मग आत पळाली.